पेडगावची मासळी, कर्नल सायक्स आणि डॉ. होरा

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) इतिहासाविषयी आजवर जे लेखन झाले, त्यात निजामशाही, चांदबिबी, भुईकोट किल्ला, भातवडीची लढाई हे विषय पुनःपुन्हा आले आहेत, व ते योग्यच आहे. परंतु जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी भीमा व नैर्ऋत्य सीमेवरून येऊन तीस मिळणारी घोड, या दोन नद्यांतील माशांनाही एक इतिहास आहे, आणि तो लेखनिविष्ट आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. या इतिहासात दोन पुरुष मुख्य आहेत. एक कर्नल विल्यम हेन्री सायक्स, ज्याने या मासळीची मराठी नावे शास्त्रात नेली. व दुसरे डॉ. सुंदरलाल होरा, ज्यांनी शंभर वर्षांनंतर त्या नावांचा अर्थ लावण्याचा उद्योग केला व जे पुढे देशाच्या प्राणिसंग्रहाचे प्रमुख झाले. या दोघांच्या कार्याचा विचार करून त्यातून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी काय घ्यावे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सायक्सचा जन्म १७९० सालचा. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तो कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ साली लॉर्ड लेकने भरतपुरास घातलेल्या वेढ्यात तो होता. १८१७ साली खडकीच्या व पुण्याच्या लढायांतही होता. म्हणजे पेशवाईचा शेवट ज्यांनी शत्रुपक्षाकडून पाहिला त्यांपैकी तो एक होय. परंतु तलवारीपेक्षा टिपणवहीकडे त्याचा ओढा अधिक होता. वेरूळच्या लेण्यांचे त्याने केलेले वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ साली छापले गेले, व जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकलाही पुढे त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे ठेविल्या. १८२४ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्यास मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमिले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार कलेक्टोरेटांची जमीन, पिके, वतने, लोकसंख्या, हवामान, पशुपक्षी या सर्वांची माहिती जमा करणे हे त्याचे काम होते. १८२९ च्या अखेरीस खर्चाच्या काटकसरीसाठी ही जागा मोडण्यात आली. तथापि त्याने काम अर्ध्यावर टाकिले नाही. १८३१ च्या प्रारंभी ते पुरे करूनच तो विलायतेस परतला.

तेथे गेल्यावर त्याने आपल्या संग्रहावरून एकामागून एक याद्या प्रसिद्ध केल्या. १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची, १८३२ साली पक्ष्यांची. आपल्याकडील कोळसुंद्यास 'कॅनिस दुखुनेन्सिस' असे नाव त्याने १८३१ साली दिले. त्यातील 'दुखुन' म्हणजे आपले दख्खन होय. माशांवरील निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ साली वाचला गेला, त्याचा सारांश १८३९ साली व चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ साली छापला गेला. त्यात चाळिसांहून अधिक जातींचे वर्णन असून बहुतेक जाती शास्त्रास तोवर अपरिचित होत्या.

या निबंधाचे जे वैशिष्ट्य आमच्या मते सर्वांत मोठे आहे, ते त्यातील नावांत आहे. त्या काळी नवीन प्राण्यास नाव द्यावयाचे तर ते ग्रीक-लॅटिन धातूंवरून घडवावे, किंवा एखाद्या विद्वानाचे वा आश्रयदात्याचे द्यावे, अशी चाल होती. सायक्सनेही काही नावे तशी दिली आहेत. सोसायटीचे चिटणीस ओगिल्बी व व्हिगर्स, मत्स्यवेत्ता यारेल, ब्रिटिश म्यूझियममधील चिल्ड्रेन, ही मंडळी भीमेच्या माशांत अशा रीतीने अमर झाली. परंतु त्यांच्याच शेजारी त्याने नदीकाठी मासे धरणाऱ्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी बसविली. शिंगटी, ताकरी, फुलंगी, कोळस, घोगरा, लोणा, खुद्री ही सर्व नावे रोमन अक्षरांत उतरून शास्त्रीय नामांची उत्तरपदे झाली. 'रोहटी' या नावाने तर त्याने एक स्वतंत्र गणच स्थापिला, व तो आजही मान्य आहे. भीमेच्या डोहावर जाळे टाकणाऱ्या ज्या भोयाकोळ्यांनी त्यास ही नावे सांगितली, त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नमूद नाही. परंतु त्यांनी दिलेला शब्द मात्र आज जगातील कोणत्याही मत्स्यग्रंथात त्याच्या रूपासह सापडतो. वतनाच्या कागदांत ज्यांची साक्ष क्वचितच घेतली गेली, त्यांची ही साक्ष शास्त्राच्या दप्तरात कायम झाली आहे.

आता स्थळांविषयी. सायक्सने कित्येक माशांच्या वर्णनात तो कोठे मिळाला हे दिले आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठा, शिरूरजवळ घोड, आणि 'पैरगाव' येथे भीमा, अशी ही स्थळे होत. ताकरी व व्हिगर्सच्या नावाची रोहटी यांची नोंद या 'पैरगावा'शी बांधलेली आहे. हे गाव कोणते? भीमेच्या काठी दौंड तालुक्यात पारगाव आहे, व नुसत्या उच्चारसादृश्यावरून त्याकडे बोट दाखविता येईल. परंतु आमच्या मते हे श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावच होय, व त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, सायक्सचा समकालीन ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात, मोगल सरदार बहादूरखान याने भीमेवर छावणी करून बहादूरगड बांधिला ते स्थळ 'पैरगाव' याच वळणाने लिहिले आहे. आणि बहादूरगड पेडगावास आहे याविषयी वाद नाही. दुसरे कारण लेखनपद्धतीचे. आपला मूर्धन्य 'ड' दोन स्वरांमध्ये आला म्हणजे इंग्रजी कानास तो 'र' सारखा ऐकू येतो. सायक्सने घोड नदीचे नावही रोमन 'र' घालूनच लिहिले आहे. ज्याच्या लेखणीत घोडीचा 'ड' 'र' झाला, त्याच्याच लेखणीत पेडगावचा 'ड' 'र' व्हावा हे स्वाभाविक आहे.

वेड पांघरून पेडगावास जाण्याची म्हण सर्वांच्या तोंडी आहे. संभाजी महाराजांस १६८९ साली कैद करून ज्या छावणीत आणिले ती छावणी याच गावी होती, हेही सर्वांस ठाऊक आहे. त्याच पेडगावच्या पाण्यातील मासा जगाच्या शास्त्रीय नामावलीत आधारस्थळ म्हणून या गावाकडे बोट दाखवितो, हे मात्र पेडगावातही कोणी सांगत नाही.

इतिहाससंशोधकांस अस्सल व नक्कल यांतील भेद सांगावयास नको. अस्सल पत्र हरवले व नक्कल तेवढी उरली, तर तिच्यावरून चालावे लागते. परंतु नकलेत एक अक्षर संदिग्ध असले तर त्यावरून पुढे किती वाद माजतात हे आपण जाणतोच. प्राणिशास्त्रातही नेमके असेच आहे. ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून प्रथम वर्णन केले तो नमुना म्हणजे अस्सल. ग्रंथातील वर्णन व चित्र या त्याच्या नकला. हा अस्सल जपून ठेवणे हे संग्रहालयाचे मुख्य काम. प्रेक्षकांस काचेच्या कपाटांतून जे दिसते ते दुय्यम. सायक्स १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत निवडला गेला व १८५६ साली अध्यक्षही झाला. कंपनीचे लंडन येथे स्वतःचे संग्रहालय होते, व सायक्सने आणिलेले पशुपक्षी त्यात होते. १८७२ साली तो वारला, आणि १८७९ साली ते संग्रहालय मोडून त्यातील वस्तू निरनिराळ्या संस्थांत वाटल्या गेल्या. माशांची गोष्ट याहून वाईट झाली. घोड नदीतील ज्या थोर माशास त्याने 'बार्बस मुसुल्ला' असे नाव दिले, त्याचा मूळ नमुना कोणत्याही संग्रहात असल्याचे आज माहीत नाही. उरले ते नाव, स्थळ, वर्णन व चित्र.

येथे डॉ. होरा यांचा संबंध येतो. सुंदरलाल होरा यांचा जन्म १८९६ साली पंजाबात हाफिजाबाद येथे झाला. लाहोरास त्यांचे शिक्षण झाले व १९१९ साली ते कलकत्त्यास झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या खात्यात आले. हे खाते मूळचे इंडियन म्यूझियमचेच अंग. १८१४ साली एशियाटिक सोसायटीने स्थापिलेल्या त्या संग्रहालयाचा प्राणिविभाग १९१६ साली स्वतंत्र करून हे खाते निर्माण झाले, व संग्रहालयाचे अधीक्षक डॉ. अ‍ॅनन्डेल हे त्याचे पहिले संचालक झाले. होरा हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. डोंगरी ओढ्यांच्या वेगवान पाण्यात मासे खडकास कसे चिकटून राहतात, त्यांच्या ओठांची व परांची रचना त्यासाठी कशी बदलते, या विषयावरील त्यांचा प्रबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापिला. मलायातील व सह्याद्रीतील काही मासे एकमेकांस इतके जवळचे कसे, या कोड्यास त्यांनी १९४९ च्या सुमारास सातपुड्याच्या रांगेचा मार्ग सुचवून जे उत्तर दिले, ते 'सातपुडा उपपत्ती' या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे ती सर्वांस मान्य झाली नाही. परंतु तिच्यामुळे विचारास जी चालना मिळाली ती मोठी होती.

आमच्या प्रदेशाशी त्यांचा संबंध केवळ उपपत्तीपुरता नव्हता. एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी देवळाली व पुणे येथील माशांवर लेख लिहिले, व ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. देवळालीजवळची दारणा गोदावरीस मिळते व ती गोदावरी पुढे कोपरगाव, नेवासे या बाजूने जाते. तेव्हा ती यादी एका अर्थी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचीही होय. त्याच नियतकालिकात १९४२ साली त्यांनी सायक्सच्या दख्खनी 'बार्बस' जातींची ओळख निश्चित करण्यासाठी स्वतंत्र लेख लिहिला व १९४३ साली त्यास पुरवणी जोडिली. खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर, हे त्यात पक्के झाले. मुसुल्ला मात्र अडला. अस्सल नमुना नाही, चित्र व शब्द तेवढे हाती. अशा स्थितीत होरा यांनी तो पाठीवर उंचवटा असलेला महाशीरच होय असा निर्णय दिला.

या निर्णयाचे परिणाम दूरवर गेले. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महाशीर आहे; त्यास या निर्णयाच्या आधाराने घोड नदीच्या माशाचे नाव मिळाले व ते सत्तर वर्षे चालले. २०१३ साली इतर संशोधकांनी सायक्सचे वर्णन व चित्र पुन्हा तपासून दाखविले की, ही लक्षणे महाशीराची नव्हेतच; मुसुल्ला हा 'हिप्सेलोबार्बस' या निराळ्या गणातील मासा आहे. मग कावेरीचा महाशीर निनावी उरला. २०१८ साली तो 'टोर रेमादेवी' या अलीकडे वर्णिलेल्या जातीचा असल्याचे ठरले, व त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत गणिला गेला. ज्या प्राण्याचे नावच चुकलेले आहे त्याच्या रक्षणाचा प्रश्न नीट मांडता येत नाही. नाव ठरेपर्यंत प्राणी उरेल की नाही, हाच प्रश्न होऊन बसतो.

यात होरा यांस दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. उपलब्ध साधनांवरून त्यांनी निर्णय दिला व त्याची कारणे छापून ठेविली. म्हणूनच पुढे त्याचे खंडन करिता आले. अस्सल जपण्याचे महत्त्व तर त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. महायुद्धाच्या भीतीने १९४२ साली खात्याचा संग्रह कलकत्त्याहून काशीस हलविला गेला, आणि १९४३ साली वरुणा नदीच्या पुरात त्यातील कित्येक नमुन्यांची हानी झाली. नदीतील प्राणी ज्यांनी बाटल्यांत भरून ठेविले, त्यांच्या बाटल्या नदीनेच बुडवाव्या, असा हा प्रसंग. १९४७ साली होरा त्या खात्याचे संचालक झाले, तेव्हा या अस्ताव्यस्त झालेल्या संग्रहाची घडी बसविणे हे त्यांच्यापुढील पहिल्या कामांपैकी एक होते. १९५५ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते.

होरा यांच्या कार्याचा आणखी एक भाग आम्हांस विशेष जवळचा वाटतो. माशांचा हा अभ्यासक संस्कृत व पाली ग्रंथांकडे वळला. प्राचीन हिंदूंस मासे व मत्स्यव्यवसाय यांचे किती ज्ञान होते, यावर १९४८ पासून त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. पहिला लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रावर. मासे धरणाऱ्यांनी मिळकतीचा सहावा भाग नावेच्या भाड्यापोटी द्यावा, असा नियम त्यात आहे. दुसरा लेख अशोकाच्या पाचव्या स्तंभशासनावर. चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, चतुर्दशी, प्रतिपदा अशा ठराविक तिथींस मासे मारू व विकू नयेत, असे त्या शासनात सांगितले आहे. वैयाकरणांनी ज्या शब्दांवर केवळ व्युत्पत्तीच्या दृष्टीने खल केला, त्या शब्दांकडे होरा यांनी मत्स्यवेत्त्याच्या दृष्टीने पाहिले. पुढे सूत्रे व स्मृती यांतील उल्लेखांवरही त्यांनी लिहिले.

तिसरा लेख मानसोल्लासातील मत्स्यविनोदावर आहे, व त्याचा संबंध आमच्या प्रांताशी येतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा ग्रंथ रचिला. भीमेचे खोरे त्याच्याच राज्यात होते. मासे समुद्रातले व नदीतले कोणते, खवल्यांचे व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणते आमिष रुचते, गळ व दोरी कशी असावी, हे सर्व त्यात राजाने सांगितले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिला. पहिला खंड १९२५ साली व दुसरा १९३९ साली निघाला. ज्यांचे आडनाव श्रीगोंद्याचे, त्यांनी संपादिलेल्या ग्रंथातील मत्स्यविद्या पंजाबात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने कलकत्त्यास बसून उलगडावी, आणि त्याच शास्त्रज्ञाने श्रीगोंद्याच्या सीमेवरील घोड नदीच्या माशाचाही निर्णय करू पाहावा, हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विद्येस प्रांताच्या सीमा नसतात, हे तर खरेच. परंतु तिची साधने कोठल्या तरी एका गावी, एका पाण्यात असतात, हेही तितकेच खरे आहे.

ती साधने आज कोणत्या अवस्थेत आहेत? पेडगावच्या खालच्या अंगास उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. वाहत्या पाण्याच्या ठिकाणी जलाशय झाला, की प्रवाहाविरुद्ध चढून वीण घालणाऱ्या माशांची वाट अडते व साठलेल्या पाण्यास मानवणारे मासे वाढतात. बाहेरून आलेली चिलापी आज उजनीच्या प्रत्येक बाजारात दिसते. तिच्यावर कित्येक कुटुंबांची चूल चालते, तेव्हा तिची निंदा आम्ही करीत नाही. परंतु फुलंगी, ताकरी, घोगरा ही नावे ज्या पिढीस बोलण्याच्या ओघात येत, ती पिढी आता थकली आहे. मासा दिसेनासा झाला म्हणजे त्याचे नाव प्रथम मुलांच्या व मग वडिलांच्या तोंडून जाते. लंडनच्या ग्रंथात 'टाकरी' राहील. पेडगावच्या काठावर 'ताकरी' म्हणणारा कोणी न राहिला, तर त्या ग्रंथातील शब्द कोणत्या पाण्याचा हे सांगणाराही राहणार नाही.

आपल्या मंडळांनी आजवर दप्तरे, ताम्रपट, शिलालेख यांचा शोध केला. त्याच निष्ठेने पेडगाव, काष्टी, शिरूर या भागांत भोई व कोळी समाजातील वृद्धांकडून माशांची नावे, ती ज्या डोहांत मिळत त्या डोहांची नावे, वीण, हंगाम व जाळ्यांचे प्रकार उतरून घेतले पाहिजेत. आणि सांगणाराचे नावही, त्याच्या संमतीने, लिहून ठेविले पाहिजे. सायक्सच्या टिपणांत जी एक उणीव राहिली ती निदान आपण भरून काढू. नगर येथे १९६० साली स्थापिलेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. कागद व नाणी यांच्याजवळच भीमा व घोड यांतील माशांच्या नमुन्यांची एक ओळ तेथे लागली, प्रत्येकापुढे मराठी नाव, शास्त्रीय नाव, गाव व वर्ष लिहिले, तर जिल्ह्याच्या इतिहासाचे एक अस्सल साधन पुढील पिढीच्या हाती सुरक्षित जाईल. घोडीच्या माशाचा अस्सल हरवल्याने कावेरीच्या माशास सत्तर वर्षे परक्या नावाने राहावे लागले; हा दाखला समोर असता हे काम लांबणीवर टाकणे योग्य होणार नाही.